वर्षाला सात जण

जठारपेठ चौकातून चालत निघालं की जितक्या शिकवणी वर्गांच्या पाट्या दिसतात, जवळजवळ तितक्याच दवाखान्यांच्या दिसतात. नीटच्या तयारीसाठी बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडची पोरं-पोरी अकोल्यात खोल्या करून राहतात. वय सतरा, अठरा, एकोणीस. पुढचे मुद्दे त्यांच्यासाठी आहेत, त्यांच्या घरमालकांसाठी आणि मेसवाल्या काकूंसाठी आहेत, आणि ज्यांच्या सहीशिवाय या जिल्ह्यात काही हलत नाही त्यांच्यासाठी तर आहेतच. मी डॉक्टर नाही. या शहरात घरपट्टी भरणारा माणूस आहे.

१. एक मुलगी कल्पनेतली धरू. तिच्या आजाराचा क्रम मात्र कल्पनेतला नाही. तो जगभरच्या रुग्णांत पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे. वय एकोणीस. सोमवारी अंग कसकसतं, डोकं दुखतं, बारीक ताप येतो. शनिवारपर्यंत झोप उडते. पुढच्या आठवड्यात तिला वाटायला लागतं की खोलीतली मैत्रीण पाण्यात काहीतरी कालवते. मोबाइलवरच्या बातम्या आपल्यालाच उद्देशून आहेत असं ती सांगते. मधेच हसते, मधेच अंगावर धावून जाते. गावाहून आई येते आणि दारातच मटकन बसते : "परवालोक चांगली होती ना बाप्पा, पोरीले झालं काय?" तिसऱ्या आठवड्यात बोलणं आटत जातं. एकच वाक्य घोळत राहतं, मग तेही थांबतं. जीभ, ओठ, जबडा आपोआप हलत राहतात, काही नसताना चावल्यासारखे. हात वर उचलून ठेवला तर तसाच राहतो. एका रात्री झटका येतो. नंतर नाडी आणि रक्तदाब वाटेल तसे वर-खाली होतात, श्वास मंदावतो, आणि मुलगी अतिदक्षता विभागात जाते.

या तीन आठवड्यांत घरच्यांनी तिला कुठे कुठे नेलं असेल, ते ज्याचं त्याने मनात मोजावं.

२. या आजाराचं नाव जड आहे : अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. मेंदूला सूज येते, पण ती जंतूंमुळे नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, म्हणून हा ऑटोइम्यून आजार. २००७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांच्या अभ्यासातून त्याचं कारण मांडलं. बारापैकी अकराजणींच्या बीजांडकोशात टेराटोमा नावाची गाठ होती, एकीच्या छातीत. या गाठीत केस सापडतात, दात सापडतात आणि चेतापेशीही सापडतात. त्या चेतापेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतात. चिकटलेले ग्राहक पेशी आत ओढून घेते. घरातल्या विजेसारखं समजा : वायर जळालेली नसते. कोणीतरी एकेक फ्यूज काढून नेत असतो. केटामाइनसारखी औषधं हाच ग्राहक अडवतात, आणि त्यांनी धडधाकट माणसालाही भास होतात. तेव्हा या मुलीचे भास "मनाचे खेळ" नव्हेत. मन जिथून चालतं तिथलाच पुरवठा तुटलेला असतो.

फ्यूज परत बसवता येतात, हा या सगळ्यातला सुखाचा भाग. २०१३ साली ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात एक्याऐंशी स्त्रिया होत्या, आणि लहान मुलंही बरीच होती. दोन वर्षं पाठपुरावा झालेल्या २५२ जणांपैकी २०३ जण स्वतःचं स्वतः करण्याइतके बरे झाले होते. उपचार लवकर सुरू झाले त्यांची प्रकृती अधिक चांगली सुधारली.

३. आता आपला हिशेब. युरोपातल्या नोंदींवरून या एका प्रकाराचं प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे दीड रुग्ण असं सांगितलं जातं. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्हा अठरा लाखांच्या थोडा वर होता, अमरावती एकोणतीस लाखांच्या आसपास. दोन्ही मिळून सत्तेचाळीस लाख. म्हणजे वर्षाला सात जण. त्या जनगणनेनंतर लोकसंख्या वाढली, ती सोडून दिली तरी सात. ऑटोइम्यून मेंदूदाहाचे इतरही प्रकार आहेत. त्यातला एक साठी गाठलेल्या पुरुषांत अधिक दिसतो : स्मरणशक्ती अचानक ढासळते, रक्तातलं सोडियम उतरतं, चेहरा आणि हात क्षणभर आखडून झटका देतात. सगळे प्रकार धरून अमेरिकेतल्या एका काउंटीतल्या नोंदीत लाखामागे वर्षाला ०.८ हा दर निघाला. तो दर इथे लावला तर दोन जिल्ह्यांत पस्तीस-चाळीस.

परदेशचा दर आपल्याला चालतो का, असं कोणी विचारील. विचारावं. उत्तर शोधण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे इथले रुग्ण मोजणं. न मोजता "आपल्याकडे असलं काही नसतं" म्हणणं सोपं असतं.

४. हे सात जण निसटतात कुठे? पहिली चाळणी "ताणा"ची. शिकवणी वर्गाच्या गावात झोप उडालेल्या पोराला एकच निदान मिळतं, अभ्यासाचं टेन्शन. बहुतेक वेळा ते खरंही असतं, म्हणून तर फसगत होते. दुसरी चाळणी "बाहेरचं" लागल्याची. लिंबू, अंगारा, उतारा, कोणाची तरी नजर. तिसरी चाळणी शिकलेल्यांची, आणि माझ्या मते ती सगळ्यात चिवट : हे मनाचं की मेंदूचं? मनाचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, मेंदूचं असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. पोरगी ओरडते, भास सांगते, म्हणजे मनाचं. एमआरआय नॉर्मल आला, मग तर शिक्काच बसला.

पण या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांचा सुरुवातीचा एमआरआय नॉर्मलच असतो. हे एक वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लागलं तरी पुष्कळ होईल.

५. मेंदूचा आजार वेडात जमा होणं हे पहिल्यांदा घडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातली वेड्यांची इस्पितळं एका विशिष्ट "वेडा"ने भरलेली असत. रुग्णाला स्वतः राजा असल्याचे भ्रम व्हायचे, जीभ अडखळायची, पुढे अंग लुळं पडायचं. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी त्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलिन आलं आणि तो वॉर्डच रिकामा होत गेला.

दुसरं उदाहरण आपल्या ताटातलं. पेलाग्रा हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. ऊन लागणारं अंग काळवंडतं, हगवण लागते आणि डोकं फिरतं. जगात तो मक्यावर जगणाऱ्यांचा आजार मानला जाई. हैदराबादचे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखवलं की दख्खनमध्ये ज्वारीवर, आणि जवळजवळ नुसत्या ज्वारीवरच, जगणाऱ्या गरिबांतही तो होतो. आपण ज्वारी खाणारा मुलूख. भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी असेल तर ज्वारीचा काही दोष नाही. नसेल तेव्हा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी उतरणारा आजार "भ्रमिष्ट" या एका शब्दाखाली गाडला जातो. किती जण तसे गाडले गेले असतील याची वही कोणी ठेवली नाही.

६. सैलानीबद्दल बोलल्याशिवाय वऱ्हाडात या विषयावर बोलता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या यात्रेला नारळांची होळी पेटते, सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात, आणि डोक्यावर परिणाम झालेल्यांना घेऊन येणाऱ्यांची वर्षभर रीघ असते. मला तिथे जाणाऱ्यांना हसायचं नाही. ज्याला दुसरीकडे दोन मिनिटांपेक्षा जास्त कोणी ऐकून घेतलं नाही, तो माणूस जिथे ऐकतात तिथे जातो.

पण दोन गोष्टी ठणकावून सांगाव्या लागतील. पहिली कायद्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला साखळदंडाने बांधायला पूर्ण बंदी केली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा गुन्हा ठरवला; तो कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला, हे विसरायला नको. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले. त्यांच्यातल्या किती जणांच्या मेंदूला सूज होती, कोणाला पेलाग्रा होता, हे आता राखेला विचारायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर "दवा आणि दुआ" नावाने एक प्रयोग झाला : मुजावरांना प्रशिक्षण, आवारातच मानसोपचाराचा दवाखाना, आणि प्रार्थनेला कोणाची आडकाठी नाही. सैलानीला तसं का नसावं? मुजावराला रोगाचं नाव पाठ नको. त्याने दोन प्रश्न विचारावेत : "हे कधीपासून?" आणि "आधी ताप आला होता का?" तीन महिन्यांच्या आत सुरू झालं असेल तर आधी अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, मग नवस. मेळघाटात भुमकाला, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूलाही, हेच. १४४१६ वर फोन उचलणाऱ्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या समुपदेशकालाही हेच दोन प्रश्न.

७. आता तपासण्या. इथे जरा थांबतो, कारण खरं घोडं इथेच पेंड खातं.

पहिली ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख. डोक्याला तारा चिकटवायच्या, अर्धा-पाऊण तास. टोचणं नाही, कापणं नाही. या आजारात बहुतेक रुग्णांचा आलेख बिघडलेला असतो. निव्वळ मानसिक आजारात तो सहसा बिघडत नाही. म्हणजे एमआरआयच्या तुलनेत स्वस्त असलेली ही तपासणी पुष्कळदा त्याहून जास्त सांगून जाते. तरी आपल्याकडे घरातले लोक एमआरआयसाठी दागिने गहाण टाकतात आणि ईईजीचं नाव कोणी काढत नाही.

दुसरी पाठीतल्या पाण्याची. "पाठीतलं पाणी काढलं का माणूस लुळा होते," हे वाक्य मी वऱ्हाडात इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, ते खरं. पण त्या पाण्याशिवाय हा आजार पक्का होत नाही. नुसत्या रक्तात प्रतिपिंडं शोधली तर शंभरातल्या चौदा-पंधरा रुग्णांत ती सापडतच नाहीत. पाण्यात जवळजवळ सगळ्यांत सापडतात. आणि आपल्या भागात त्या पाण्याचं दुसरं, तितकंच मोठं काम आहे. क्षयाचा मेंदूज्वर आहे का, विषाणूचा आहे का, हे तेच सांगतं. संमतीचा कागद पुढे सरकवून "सही करा" म्हणणाऱ्या निवासी डॉक्टरने पाच मिनिटं खाली बसून एवढं वऱ्हाडीत समजावलं, तर निम्मे नकार गळून पडतील.

तिसरी पोटाची सोनोग्राफी. बीजांडकोशात गाठ असेल आणि ती काढली नाही, तर औषधांनी पुरता उतार पडत नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या "पिशवीजवळ" गाठ आहे हे ऐकून आई-बाप हादरतात, सोयरिकीचा विचार आधी येतो. त्यात अकोल्यात जिल्हा स्त्री रुग्णालय वेगळं, सर्वोपचार वेगळं. भास होणाऱ्या, झटके येणाऱ्या मुलीला एका फाटकातून काढून दुसऱ्या फाटकात न्यायचं, तिथे केसपेपर नव्याने काढायचा, आणि ती ओरडते म्हणून तिथल्यांनी परत पाठवायचं. असा खो-खो कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाने तिच्या खाटेपाशी यावं, मुलीने नव्हे त्यांच्या दारी.

आणि एक तपासणी घरची आहे. मोबाइल. झोपेतल्या हालचाली, तोंडाचे चाळे, आखडलेला हात यांचं तीस सेकंदांचं चित्रण करून ठेवा, तारखेसकट. ते डॉक्टरला दाखवा. फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

८. पैसा. पहिल्या फळीतलं औषध स्टेरॉइड, शिरेतून पाच दिवस. ते आवाक्यात असतं. त्याच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी, किंवा प्लाझ्मा बदलणं. आयव्हीआयजी हा शब्द महाराष्ट्राला २०२५ च्या जानेवारीत पाठ झाला, जेव्हा पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव या भागांत गिलन-बारी सिंड्रोमची साथ आली. एका कुपीचे वीस हजारांच्या आसपास लागतात, हे तेव्हा रोज छापून येत होतं. या आजारातही मात्रा तीच : वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. पन्नास किलोच्या मुलीला शंभर ग्रॅम. पाच ग्रॅमच्या वीस कुप्या. चार लाख! कापूस विकून हे होत नाही. यातून उतार पडला नाही तर रितुक्सिमॅबसारखी दुसऱ्या फळीतली औषधं.

पुण्यात मोफत उपचारांच्या घोषणा झाल्या, आयव्हीआयजीचा पुरवठा झाला. चांगलंच झालं. साथ होती, एका महानगरात होती, रुग्ण दोनशेवर होते आणि कॅमेरे होते. वऱ्हाडातले सात जण एका आठवड्यात, एका वस्तीत आजारी पडत नाहीत. ते बारा महिन्यांत, चौदा तालुक्यांच्या अमरावतीत आणि सात तालुक्यांच्या अकोल्यात विखुरलेले असतात. विखुरलेल्यांची साथ होत नाही, बातमीही होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं छत्र कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत वाढवलं आहे. मागणी इतकीच की ऑटोइम्यून मेंदूदाह हे नाव, त्याची चाचणी आणि पहिल्या-दुसऱ्या फळीतली औषधं त्या यादीत स्वच्छ मराठीत लिहिलेली असावीत. योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला अंदाज करावा लागू नये.

९. इथे स्वतःच्याच बाजूविरुद्ध दोन शब्द. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य असलेल्या बहुसंख्यांना ही सूज नसते. "आमच्या पोरालाही सूजच असेल" म्हणून मानसोपचाराची चालू औषधं कोणी बंद करू नयेत. तज्ज्ञांच्या हातूनही उलटी चूक होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटोइम्यून मेंदूदाहाचा चुकीचा शिक्का बसलेले १०७ जण सापडले. कोणाला खरं तर मानसिक आजार होता, कोणाला स्मृतिभ्रंश. काहींना नको त्या औषधांचा त्रासही झाला. आपल्याकडे भीती आणखी मोठी आहे. क्षयाची शंका न फेडता प्रतिकारशक्ती दाबली तर जीव जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट कडू आहे. "सूज होती, वेड नव्हतं" हे सांगताना नातेवाइकांचा चेहरा उजळतो, तो मला कळतो. सोयरिकीच्या बाजारात सुजेला भाव आहे, वेडाला नाही. पण सूज हा अब्रूचा दाखला व्हायला नको. ज्याला स्किझोफ्रेनिया आहे त्याचाही मेंदूच आजारी आहे, आणि त्यालाही चांगला वॉर्ड, स्वच्छ चादर आणि साखळीविना खाट हवी.

१०. मग नेमकं मागायचं काय? चाळिशीच्या आतल्या कोणालाही तीन महिन्यांच्या आत मानसिक लक्षणं भराभर सुरू झाली असतील, आणि जोडीला ताप, झटका, बोलणं थांबणं, तोंडाच्या हालचाली किंवा मानसिक आजाराच्या औषधाने अंग ताठून ताप चढणं यातलं एक जरी असेल, तर तो रुग्ण मानसोपचार विभागाचाही आहे आणि मेंदूविभागाचाही. दोघांनी एकाच दिवशी पाहावा, तीन दिवसांत ईईजी आणि पाठीतलं पाणी व्हावं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकोल्यात २००२ पासून आहे, सुपर स्पेशालिटीची इमारत उभी आहे. विटांची कमतरता म्हणून हे अडत नाही. प्रतिपिंडांची चाचणी बाहेर पाठवावी लागली तर नमुना बर्फात घालून बंगळूरच्या निमहान्सला किंवा मुंबईला जावा, त्याचा खर्च जिल्हा नियोजन समितीने उचलावा. सात रुग्ण, त्यांच्यासाठी तपासलेले आणखी तीस-चाळीस संशयित. एका चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा हे महाग पडणार नाही. अहवाल येईपर्यंत उपचार थांबवू नयेत, कारण चित्र स्पष्ट असेल आणि जंतुसंसर्गाची शंका फिटली असेल तर अहवालाआधी स्टेरॉइड सुरू करण्याची पद्धत जगभर मान्य आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने उपचार मिळणं हा हक्क केला आहे. हक्क मागायला माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. चार प्रश्न पुरेत. ईईजी यंत्र चालू आहे का आणि रविवारी ते कोण चालवतं? गेल्या वर्षी मानसोपचार विभागातून किती रुग्णांचं पाठीतलं पाणी तपासलं? किती नमुने प्रतिपिंडांसाठी बाहेर गेले? किती रुग्ण तपासणीविना नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे धाडले? हेच अर्ज अमरावतीच्या इर्विन रुग्णालयालाही जावेत.

११. बरं झाल्यावरचं कोणी बोलत नाही. हा आजार उतरतो तो उलट्या क्रमाने आणि हळू. आधी श्वास, नाडी ताळ्यावर येते; मग हालचाली; मग बोलणं; आणि शेवटी स्वभाव, लक्ष, आठवण. दवाखान्यातले आठवडे रुग्णाला बहुधा आठवतही नाहीत. न्यूयॉर्क पोस्टची पत्रकार सुझाना काहालान २००९ साली, चोविसाव्या वर्षी, यातून गेली. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा तिने बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, आणि मेंदूची एक बाजू सुजली आहे हे एका कागदावर दिसलं. त्या महिन्याबद्दल तिने पुढे पुस्तक लिहिलं, पण स्वतःच्या आठवणीतून नव्हे. दवाखान्याचं चित्रण, वडिलांची वही आणि इतरांच्या मुलाखती यांतून.

आपल्या पहिल्या मुद्द्यातली मुलगी घरी येईल तेव्हा तिला सहा महिने, वर्ष लागेल. तोवर परीक्षा होऊन गेलेली असेल, खोली सुटलेली असेल, शिकवणीची भरलेली फी बुडालेली असेल, आणि जठारपेठेत मैत्रिणींना "तिच्या डोक्यावर परिणाम झाला" एवढंच ठाऊक असेल. शिकवणी चालकांनी वैद्यकीय कागद पाहून फी पुढच्या वर्षाला वळती करावी. घरमालकाने तिची पेटी जिन्याखाली ठेवून द्यावी.